‘फर्स्ट स्ट्राइक’ म्हणजे नेमके काय? अण्वस्त्राचा पहिला वापर आणि प्रथम प्रहार या दोन गोष्टी एकच आहेत का?

जैतापूरखाडी (प्रश्न)

नमस्कार. राजापूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. यंदाच्या वादविवाद स्पर्धेसाठी आमच्या विद्यार्थ्यांना ‘भारताने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण कायम ठेवावे’ असा विषय मिळाला आहे. सरावाच्या वेळी विरोधी बाजूच्या एका विद्यार्थिनीने असे विधान केले की, पाकिस्तानने प्रथम वापर न करण्याची हमी दिलेली नसल्यामुळे त्या देशाकडे ‘फर्स्ट स्ट्राइक’ची क्षमता आहे आणि भारताने मात्र ती स्वतःहून सोडून दिली आहे. त्यावर समोरच्या बाजूच्या विद्यार्थ्याने लगेच हरकत घेतली की, क्षमता ही हमी देण्या-न देण्याने येत-जात नसते. हरकत मला योग्य वाटली, तरी तिचा उलगडा करून सांगण्याइतके या विषयाचे वाचन माझे नाही.

वर्तमानपत्रांत ‘प्रथम वापर’, ‘पहिला हल्ला’, ‘फर्स्ट स्ट्राइक’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. लष्करी परिभाषेत फर्स्ट स्ट्राइक अर्थात प्रथम प्रहार याचा काही निश्चित अर्थ आहे का? युद्धात जो देश पहिले अण्वस्त्र टाकेल त्याने प्रथम प्रहार केला, इतकाच अर्थ असेल तर प्रश्नच मिटला. पण समजा, एखाद्या देशाने आपल्याच भूमीत घुसलेल्या शत्रुसैन्यावर एक लहान अण्वस्त्र वापरले, तर तोही प्रथम प्रहार ठरतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

सर्जेकोट

सर, नमस्कार. मी नौदलातून निवृत्त झालो असून मालवणला राहतो. सेवेत असताना अण्वस्त्रांशी माझा कधीही संबंध आला नाही, त्यामुळे खाली लिहितो ते सारे प्रसिद्ध साहित्यातले आहे.

प्रथम प्रहाराची व्याख्या क्रमावरून होत नाही, हेतूवरून होते. शत्रूची अण्वस्त्रे, ती वाहून नेणारी क्षेपणास्त्रे, विमाने, पाणबुड्या आणि त्यांना आज्ञा देणारी केंद्रे एकाच घावात इतकी नष्ट करायची, की उरलेल्या अस्त्रांनी तो देऊ शकेल ते प्रत्युत्तर आपल्याला सोसता येईल, अशा निःशस्त्र करणाऱ्या हल्ल्याला प्रथम प्रहार म्हणतात. असा हल्ला यशस्वी होण्याची वाजवी खात्री ज्या देशाला बाळगता येते, त्याच्याकडे प्रथम प्रहाराची क्षमता आहे असे मानतात. उलट, असा घाव सोसूनही शत्रूचे असह्य नुकसान करण्याइतकी अस्त्रे ज्याच्याकडे उरतात, त्याच्याकडे द्वितीय प्रहाराची, म्हणजे प्रत्युत्तराची क्षमता असते. या दोन संज्ञा जोडीने जन्मल्या आहेत आणि एकीशिवाय दुसरीचा अर्थ लागत नाही.

या विचाराचा उगम कोठे झाला हे पाहिले की व्याख्या अधिक स्पष्ट होते. १९५०च्या दशकात अमेरिकेची अण्वस्त्रशक्ती मुख्यतः बाँबफेकी विमानांवर उभी होती आणि ती विमाने मोजक्या तळांवर दाटीवाटीने उभी असत. रँड या संस्थेतील अभ्यासक आल्बर्ट वोलस्टेटर यांनी दाखवून दिले की, शांततेच्या काळात आपल्याकडे किती बाँब आहेत या आकड्याला फारसा अर्थ नाही. शत्रूने अचानक हल्ला केल्यावर किती बाँब उरतील, त्यांतले किती उड्डाण करू शकतील आणि त्यांतले किती लक्ष्यापर्यंत पोहोचतील, हाच आकडा खरा. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने हा मुद्दा सर्वतोमुखी केला. शत्रूची विमाने धावपट्टीवरच नष्ट करता येणार असतील, तर आणीबाणीच्या क्षणी तसे करण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो, आणि समोरच्यालाही तो मोह होत असेल या भीतीने तो आणखी बळावतो. नोव्हेंबर १९६०मध्ये ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही अमेरिकी पाणबुडी सोळा पोलारिस क्षेपणास्त्रे घेऊन पहिल्या गस्तीवर निघाली, ती या विवंचनेवरचा उपाय म्हणूनच. समुद्रात कोठे आहे हे ठाऊक नसलेली पाणबुडी पहिल्या घावात बुडवता येत नाही.

अण्वस्त्रांचा संबंध नसलेले, पण आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर ३ डिसेंबर १९७१चे देता येईल. त्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाईदलाने अमृतसर, पठाणकोट, आग्रा आदी विमानतळांवर एकाच वेळी हल्ले चढवले. भारतीय हवाईदल जमिनीवरच लुळे करावे, हा हेतू. तो साधला नाही, कारण आपली विमाने विखुरलेली आणि संरक्षित निवाऱ्यांत होती. धावपट्ट्यांची दुरुस्ती लगेच झाली आणि त्याच रात्री आपल्या विमानांनी प्रत्युत्तर दिले. प्रथम प्रहाराचा हेतू होता, क्षमता नव्हती, असे या घटनेचे वर्णन करता येईल. आपला विद्यार्थी जे म्हणत होता ते हेच.

आता आपल्या उदाहरणाकडे येतो. आपल्याच भूमीत घुसलेल्या सैन्यावर टाकलेले लहान अण्वस्त्र हा ‘प्रथम वापर’ आहे, ‘प्रथम प्रहार’ नव्हे. त्याने शत्रूचे एक चिलखती दल थांबेल, त्याच्या अण्वस्त्रांना मात्र धक्काही लागणार नाही. पाकिस्तानचे ‘नस्र’ हे क्षेपणास्त्र याच प्रकारचे आहे. एप्रिल २०११मध्ये त्याची पहिली चाचणी झाली तेव्हा त्याचा पल्ला ६० किलोमीटर सांगितला गेला होता. इतक्या पल्ल्याच्या अस्त्राने भारताची अण्वस्त्रे नष्ट करणे कोणाच्या मनातही येणार नाही. शीतयुद्धात नाटोची भूमिकाही अशीच होती. सोव्हिएत रणगाडे पश्चिम जर्मनीत घुसले आणि साध्या शस्त्रांनी थांबेनात, तर अण्वस्त्रे प्रथम वापरण्याचा अधिकार नाटोने उघडपणे राखून ठेवला होता, आणि तो आजही सोडलेला नाही.

स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२४च्या अंदाजानुसार भारताकडे १७२ आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे होती. एवढ्या संख्येत, आणि भारताचा काही साठा आता समुद्रात असताना, पाकिस्तानला भारताविरुद्ध प्रथम प्रहाराची क्षमता आहे असे म्हणायला आधार नाही. प्रथम वापराचा पर्याय त्याने खुला ठेवला आहे, एवढेच आपल्या विद्यार्थिनीला म्हणता येईल.

गुहागरी

मग हिरोशिमा कशात बसते? ते तर पहिलेच अण्वस्त्र होते.

सर्जेकोट

प्रथम वापरात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी जपानकडे अण्वस्त्रे नव्हती, त्यामुळे त्याची अण्वस्त्रशक्ती नष्ट करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रतिपक्षाकडे अण्वस्त्रे असल्याशिवाय प्रथम प्रहार ही संज्ञा लागू होत नाही.

पेठकिल्ला

मी रत्नागिरीत वकिली करतो, म्हणून या प्रश्नाकडे दस्तऐवजाच्या अंगाने पाहतो. सर्जेकोट यांनी दिलेली व्याख्या सामरिक अभ्यासकांची आहे आणि ती बरोबरच आहे. पण स्पर्धेत परीक्षकाने भारताचे अधिकृत धोरण समोर ठेवले, तर तेथे हाच शब्द वेगळ्या अर्थाने आलेला दिसेल. विद्यार्थ्यांची त्या ठिकाणी अडचण होऊ नये म्हणून लिहितो.

मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर १७ ऑगस्ट १९९९ रोजी अणुधोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. अण्वस्त्र-हल्ल्याची सुरुवात भारत करणार नाही, मात्र भारतावर तसा हल्ला झाल्यास शासन घडवणारे प्रत्युत्तर दिले जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने धोरणाचा गोषवारा अधिकृतपणे जाहीर केला. त्यातील एक कलम म्हणते की, भारतीय भूमीवर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र-हल्ला झाला तरच भारत अण्वस्त्रे वापरील. दुसरे कलम म्हणते की, ‘फर्स्ट स्ट्राइक’ला दिले जाणारे प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि ते शत्रूचे असह्य नुकसान करील अशाच बेताने दिले जाईल.

या दुसऱ्या कलमातील ‘फर्स्ट स्ट्राइक’ हा शब्द सर्जेकोट यांच्या व्याख्येप्रमाणे वाचला, तर विचित्र निष्कर्ष निघतो. भारताची अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या हेतूने हल्ला झाला तरच प्रचंड प्रत्युत्तर मिळेल, आणि राजस्थानच्या सीमेपलीकडे पुढे सरकणाऱ्या आपल्या एखाद्या तुकडीवर लहान अस्त्र टाकले तर काय होईल याविषयी धोरण मौन बाळगते, असा तो निष्कर्ष. पहिल्या कलमातील ‘कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर’ हे शब्द मात्र अशाच प्रसंगासाठी घातलेले आहेत. कायद्यात आम्ही एकाच दस्तऐवजातील दोन कलमे परस्परांशी सुसंगत ठरतील अशा रीतीने वाचतो. त्या न्यायाने येथे फर्स्ट स्ट्राइक म्हणजे ‘भारताविरुद्ध कोणीही केलेला पहिला अण्वस्त्र-हल्ला, मग तो लहान असो वा मोठा’ असाच अर्थ घ्यावा लागतो. परिभाषेच्या दृष्टीने हा सैल वापर आहे. तो हेतुपुरस्सर असावा असे मला वाटते, कारण लहान अस्त्र वापरून लहानच प्रत्युत्तर मिळेल असा हिशेब प्रतिपक्षाने करू नये, हाच ‘प्रचंड’ या शब्दामागचा उद्देश दिसतो. प्रत्यक्ष तसा प्रसंग आल्यास कोणताही पंतप्रधान एका लहान अस्त्राच्या बदल्यात शहरे बेचिराख करील का, अशी शंका अनेक अभ्यासकांनी घेतली आहे, आणि विरोधी बाजूच्या विद्यार्थ्यांना खरा मुद्दा तेथे सापडेल.

याच गोषवाऱ्यात आणखी एक अपवाद आहे, ज्याकडे वादविवादात सहसा दुर्लक्ष होते. भारतावर किंवा भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक शस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याचा पर्याय भारताने राखून ठेवला आहे. याचा अर्थ, प्रथम वापर न करण्याची भारताची हमी निरपवाद नाही. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिली चाचणी केली त्याच दिवशी दिलेली हमी शब्दशः पाहता अधिक व्यापक आहे: कोणत्याही वेळी, कोणत्याही परिस्थितीत अण्वस्त्रे प्रथम वापरणार नाही, अशी तिची भाषा आहे. तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न वेगळा.

धोरण बदलावे का, यावरही सत्तेतील मंडळी बोललेली आहेत. नोव्हेंबर २०१६मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी स्वतःला असे बांधून का घ्यावे, असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा नंतर करण्यात आला. १६ ऑगस्ट २०१९ रोजी राजनाथ सिंह यांनी पोखरण येथे, भविष्यात काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून राहील, असे म्हटले. दोघांचेही बोलणे प्रथम वापराविषयी होते. त्यांच्या बातम्या करताना काही ठिकाणी ‘भारत फर्स्ट स्ट्राइकच्या विचारात’ असे मथळे दिले गेले, ते चुकीचे होते.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणला भौतिकशास्त्र शिकवते. प्रथम प्रहाराची ‘क्षमता’ ही काय चीज आहे, हे थोडे गणित केल्याशिवाय कळत नाही. वरच्या प्रतिसादांत ते आलेले नाही, म्हणून लिहिते.

समजा, प्रतिपक्षाकडे सायलोंमध्ये, म्हणजे जमिनीत खणलेल्या काँक्रीटच्या विहिरींमध्ये, २०० क्षेपणास्त्रे आहेत. आपण प्रत्येक सायलोवर दोन अण्वस्त्रे डागली आणि प्रत्येक अस्त्र सायलो नष्ट करण्याची शक्यता ८० टक्के धरली. दोन्ही अस्त्रे अपयशी ठरण्याची शक्यता २० टक्क्यांच्या २० टक्के, म्हणजे ४ टक्के. २०० पैकी सरासरी ८ क्षेपणास्त्रे वाचली. प्रत्येकावर तीन अण्वस्त्रे असतील तर २४ अस्त्रे आपल्या शहरांवर येणार. कागदावर हा ९६ टक्के यशाचा हल्ला आहे. पण २४ शहरे गमावून मिळालेल्या या यशाला कोणते सरकार विजय म्हणेल? आणि हे आकडे सुद्धा हल्लेखोराच्या बाजूने झुकते माप देणारे आहेत, कारण आधीच्या स्फोटांचा धुरळा आणि उष्णता यांत मागून येणारी आपलीच अस्त्रे निकामी होऊ शकतात, आणि दोनशे ठिकाणी घाव एकाच वेळी बसला नाही तर उरलेली क्षेपणास्त्रे मधल्या काळात उडून गेलेली असतील.

या गणितात अचूकतेला स्फोटशक्तीपेक्षा कितीतरी अधिक वजन आहे. सायलोसारखे कठीण लक्ष्य फोडायचे तर नेम दुप्पट अचूक करणे हे स्फोटशक्ती आठपट करण्याच्या बरोबरीचे ठरते. शहर नष्ट करायला अचूकता लागत नाही. एखादा किलोमीटर इकडेतिकडे झाला तरी शहर उरत नाही. म्हणूनच एखादा देश क्षेपणास्त्रांची अचूकता झपाट्याने वाढवू लागला की प्रतिपक्षाला शंका येते, की याला आपली शहरे नकोत, आपली शस्त्रे हवी आहेत. शस्त्रांवरचा हल्ला आणि शहरांवरचा हल्ला यांतील हा भेद प्रथम प्रहाराच्या चर्चेत मूलभूत आहे. शहरांवर प्रथम हल्ला करणे म्हणजे प्रतिपक्षाची सारी अस्त्रे शाबूत ठेवून त्याला डिवचणे, आणि म्हणून तो अर्थपूर्ण प्रथम प्रहार होऊच शकत नाही.

१९७०मध्ये अमेरिकेने एकाच क्षेपणास्त्रावर तीन वेगवेगळी लक्ष्ये गाठणारी अण्वस्त्रे बसवली आणि सोव्हिएत संघाने पुढे एसएस-१८ या प्रचंड क्षेपणास्त्रावर दहापर्यंत बसवली. तेव्हा हे गणित फारच बिघडले. दहा अस्त्रांचे एक क्षेपणास्त्र जमिनीतच गाठले, तर आपली दोन अस्त्रे खर्चून प्रतिपक्षाची दहा संपतात. म्हणजे जो आधी घाव घालील त्याचा फायदा, आणि जो थांबेल त्याचे अस्त्रागार बुडाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत याच क्षेपणास्त्रांवरून, आपली जमिनीवरची सारी क्षेपणास्त्रे सोव्हिएत संघ पहिल्याच घावात नष्ट करील, अशी मोठी ओरड झाली होती. गंमत अशी, की याच सोव्हिएत संघाने १९८२ साली प्रथम वापर न करण्याची हमी दिली. एका हाताने हमी आणि दुसऱ्या हातात प्रथम प्रहाराला सोयीची शस्त्रे. रशियाने ती हमी १९९३ साली मागे घेतली. जैतापूरखाडी सर, हमी देणाऱ्या देशाकडे प्रथम प्रहाराची क्षमता असू शकते का, या वादाचे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणात मिळेल.

एक धागा राहिला. वरच्या उदाहरणात उरलेली २४ अस्त्रे हवेतच अडवणारी यंत्रणा आपल्याकडे असेल तर? मग प्रथम प्रहार पूर्ण झाला. याचमुळे क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण, जे नावावरून अगदी निरुपद्रवी वाटते, ते प्रतिपक्षाला प्रथम प्रहाराचा उत्तरार्ध वाटते. १९७२च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ही संरक्षणव्यवस्था प्रत्येकी दोन ठिकाणांपुरती आणि १९७४मध्ये एकाच ठिकाणापुरती, शंभर प्रतिक्षेपणास्त्रांवर मर्यादित केली. स्वतःच्या जनतेचे संरक्षण मर्यादित ठेवण्याचे दोन महासत्तांनी कबूल करावे, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलांना प्रथम खोटी वाटते. अमेरिका २००२ साली त्या करारातून बाहेर पडली.

देवबाग

वाशिष्ठीकाठ ताईंचे गणित पटले, परंतु प्रत्यक्ष पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला समोर आलेला इशारा प्रथम प्रहाराचा आहे की नाही हे ठरवावे लागते, आणि तेथे ही व्याख्या कशी वापरली गेली हे पाहण्यासारखे आहे.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी मॉस्कोजवळच्या सोव्हिएत केंद्रात उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेतून एक आणि पाठोपाठ चार, अशी एकूण पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. त्यांनी नंतर सांगितलेल्या कारणांत एक असे होते की, अमेरिकेने प्रथम प्रहार करायचा ठरवले असते तर तो पाच क्षेपणास्त्रांनी केला नसता. पाच क्षेपणास्त्रांनी सोव्हिएत अस्त्रागार नष्ट होत नाही, फक्त प्रत्युत्तर ओढवते. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते, हे पुढे निष्पन्न झाले.

आता याच्या उलट घटना पाहा. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेतील आंडोया येथून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक अग्निबाण सोडण्यात आला. नॉर्वेने पूर्वसूचना दिली होती, पण ती रशियाच्या रडारवर बसलेल्यांपर्यंत पोहोचली नव्हती. त्यांना तो पाणबुडीतून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखा दिसला आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची आज्ञा देण्याची पेटी उघडली गेली. येथे एकच अस्त्र होते, तरीही शंका आली, कारण प्रथम प्रहाराची सुरुवात एकाच अस्त्राने होऊ शकते. अतिउंचावर एक स्फोट घडवायचा, त्याच्या विद्युतचुंबकीय लहरीने रडार आणि संदेशयंत्रणा निकामी करायच्या, आणि मग मुख्य हल्ला सोडायचा. अशा लहरींचा प्रताप ९ जुलै १९६२च्या अमेरिकी चाचणीत दिसला होता. प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर केलेल्या त्या स्फोटाने चौदाशेहून अधिक किलोमीटर दूर हवाईमधले काही रस्त्यांवरचे दिवे विझले होते.

म्हणजे पाच अस्त्रे प्रथम प्रहारासाठी फार थोडी ठरतात आणि एक पुरेसे संशयास्पद ठरते. संख्येवरून काहीच ठरत नाही.

माझा एक प्रश्न मात्र आहे. शत्रू हल्ला करणार हे नक्की कळल्यावर आपण आधी हल्ला केला, तर तोही प्रथम प्रहारच का?

सर्जेकोट

होय, लक्ष्य शत्रूची अण्वस्त्रे असतील तर तोही प्रथम प्रहारच. अशा हल्ल्याला अग्रहल्ला म्हणतात आणि करणारा त्याला नेहमी स्वसंरक्षण म्हणतो. शत्रू वर्षा-दोन वर्षांत बलवान होईल म्हणून आजच हल्ला करणे याहून तो वेगळा मानतात, कारण तेथे तातडी नसते. पण देवबाग, आपल्या उदाहरणांवरूनच दिसते की ‘नक्की कळणे’ हीच यातली सर्वांत अवघड बाब आहे. जमिनीवरून सुटलेल्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राला पोहोचायला सुमारे अर्धा तास लागतो. जवळच्या पाणबुडीतून सुटलेल्याला दहा-पंधरा मिनिटे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात तर तेवढाही वेळ नाही.

भारताने त्यावर काढलेला मार्ग पाणबुडीचा आहे. ‘अरिहंत’चे जलावतरण २००९ साली विशाखापट्टणमला झाले आणि तिने आपली पहिली प्रतिरोधक गस्त पूर्ण केल्याची घोषणा ५ नोव्हेंबर २०१८ रोजी झाली. ‘अरिघात’ २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात दाखल झाली. अरिहंतवरील पहिल्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर होता, म्हणजे पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याच्या बरेच जवळ जावे लागे. त्यानंतरच्या के-४चा सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. ही प्रथम प्रहाराची शस्त्रे आहेत का, असे आपल्याकडे काहीजण विचारतात. मोजक्या क्षेपणास्त्रांच्या एक-दोन पाणबुड्यांनी कोणाचेही अस्त्रागार संपत नाही. प्रथम प्रहार होऊन गेल्यावर उरावे, हेच त्यांचे काम.

जैतापूरखाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विद्यार्थिनीने आपले विधान बदलले असून, ‘पाकिस्तानने प्रथम वापराचा पर्याय राखून ठेवला आहे, भारताने तो सोडला आहे’ असे ती आता म्हणणार आहे. तिची बाजू त्याने कमकुवत झाली नाही, असे मला वाटते.

एक शेवटची शंका विचारतो, जी आमच्या भागात कोणीही विचारीलच. तारापूरची वीजनिर्मिती १९६९पासून चालू आहे आणि आमच्याकडे जैतापूरचा प्रकल्प नियोजित आहे. अशा अणुऊर्जा केंद्रावर साध्या बाँबने हल्ला झाला, तर तो प्रथम प्रहार किंवा अण्वस्त्र-हल्ला ठरतो का? एका विद्यार्थ्याने असेही सांगितले की, भारत-पाकिस्तान करारामुळे प्रथम प्रहाराची शक्यताच उरलेली नाही.

पेठकिल्ला

साध्या बाँबने केलेला हल्ला अण्वस्त्र-हल्ला ठरत नाही, त्यातून किरणोत्सर्ग पसरला तरीही. कारण धोरणाच्या भाषेत अण्वस्त्राचा वापर अभिप्रेत आहे. आणि वीजकेंद्र हे अस्त्रागार नसल्यामुळे तो प्रथम प्रहारही ठरत नाही. सरकार अशा घटनेला काय प्रत्युत्तर देईल, हा संज्ञेचा नव्हे तर त्या वेळच्या निर्णयाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी ज्या कराराविषयी बोलत आहे, तो ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबाद येथे झाला आणि २७ जानेवारी १९९१ रोजी अमलात आला. त्यानुसार दोन्ही देश परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्यास बांधील आहेत आणि १९९२पासून दरवर्षी १ जानेवारीला अशा केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. संबंध कितीही ताणलेले असले तरी हा परिपाठ चुकलेला नाही. याद्या प्रसिद्ध केल्या जात नाहीत. करारातील व्याख्येत वीजनिर्मिती आणि संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, युरेनियम समृद्धीकरण, पुनर्प्रक्रिया करणारी केंद्रे आणि किरणोत्सर्गी द्रव्यांचे साठे यांचा समावेश आहे. क्षेपणास्त्रांचे तळ, लष्करी विमानतळ किंवा पाणबुड्यांची बंदरे यांचा उल्लेख तीत नाही, आणि प्रथम प्रहाराची लक्ष्ये तर हीच असतात. त्यामुळे हा करार प्रथम प्रहाराविरुद्धची हमी म्हणून मांडला, तर समोरची बाजू व्याख्येचे कलम वाचून दाखवील. अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेपुरता तो खुशाल मांडावा.